विक्रीपत्रातला आकडा शेजाऱ्याच्या घराला लागतो

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी ३४ वर्षे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या निंबाखाली बसून दस्त लिहिले. विक्रीपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, गहाणखत. आधी हाताने, मग टाइपरायटरवर, शेवटी मुलाच्या संगणकावर. २०२३ मध्ये डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि मी टेबल उचलले. दस्तांशी आपला संबंध संपला असे मी समजत होतो. २०२५ च्या उन्हाळ्यात पुतणीच्या घरकर्जाच्या निमित्ताने माझ्याच हातचा एक जुना दस्त बँकेच्या मूल्यांकन अहवालात माझ्यासमोर आला, आणि त्याने तिचे नुकसान केले. ती हकीकत मला सांगायची आहे. पत्र लांबेल. जमले तर पूर्ण छापावे, कारण यात हिशेब आहे आणि हिशेब अर्धा छापून कुणाच्या कामाचा राहत नाही.

पुतणी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. अरुणावतीकाठच्या आमच्या गावात तिने एक घर पाहिले. ३० बाय ५० ची म्हणजे १५०० चौरस फुटांची गावठाणातली जागा, स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजलेली, सनद मिळालेली. समोर डांबरी रस्ता, मागे सांदवाडीत बोअर. मालक मुलाकडे अमरावतीला राहायला चालले होते. सौदा १७ लाखांत ठरला, दीड लाख इसार दिला, तीन महिन्यांत रजिस्ट्री लावायची असे इसारचिठ्ठीत लिहिले. बँक किमतीच्या ८० टक्के कर्ज देणार होती. १३ लाख ६० हजार बँकेचे, बाकीचे घरातले, असा तिचा हिशेब.

बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, आला, पंधरा-वीस मिनिटे थांबला आणि फोटो काढून गेला. अहवालात घराची किंमत आली ९ लाख ३३ हजार. त्याचे ८० टक्के म्हणजे ७ लाख ४६ हजार. एका कागदाने ६ लाख १४ हजारांचा खड्डा पडला. रात्री तिचा फोन आला, “काकाजी, बँकेनं घर अर्ध्यावर आणलं. आता माहा इसार बुडते.” जावईबुवा सकाळी मॅनेजरशी भांडायलाच निघाले होते. मी म्हटले, थांबा, आधी तो कागद आणा.

कागद सहज मिळाला नाही. “अहवाल बँकेसाठी असतो, ग्राहकाला देत नाही,” असे उत्तर आले. पण मूल्यांकनाची फी पुतणीच्या खात्यातून कापलेली होती. तिने तसे लिहून अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि चौथ्या दिवशी झेरॉक्स हातात आली. आपली माणसे इथेच हरतात. तोंडी बोलतात, चिडतात, घरी परततात. पोच दिलेला अर्ज मात्र कुणाला तरी निकाली काढावा लागतो.

अहवाल सात पानांचा होता. दस्त तपासावा तसा मी तो तपासला. आधी मोजमाप, मग बांधकामाचे वर्ष, मग चतुःसीमा, आणि भाव सगळ्यात शेवटी. भाव म्हणजे व्हॅल्युअरचे मत. त्यावर वाद घातला तर तो आपले मत सोडेलच असे नाही. लांबी-रुंदी आणि वर्ष यांत मताला जागा नसते, म्हणून सुरुवात तिथून करावी.

स्लॅबचे बांधकाम ६४० चौरस फूट लिहिले होते. आम्ही टेप लावला तर ८६० भरले. मागची खोली आणि स्वयंपाकघर त्या दिवशी कुलूपबंद होते, मालक अमरावतीला होते, आणि ते बांधकाम मोजायचे राहून गेले. वर्ष लिहिले होते १९९४. ते नमुना ८ वरून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीवरून उचललेले. १९९४ मध्ये तिथे मातीच्या भिंतींचे, कवेलूंचे घर होते. ते पाडून २०११ मध्ये नवे बांधले. ग्रामपंचायतीची परवानगी आहे, २०१२ पासून वाढलेल्या घरपट्टीच्या पावत्या आहेत. नमुना ८ च्या रकान्यातले वर्ष बदलायचे मात्र कुणालाच सुचले नाही.

या वर्षाने काय होते ते नीट सांगतो. आजच्या खर्चाने तसेच घर बांधायला किती लागेल ते व्हॅल्युअर धरतो. इथे १५०० रुपये चौरस फूट धरले होते. त्यातून घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो. घराचे आयुष्य ६० वर्षे, शेवटी १० टक्के उरतील असे धरून बाकीचे ९० टक्के ६० वर्षांत वाटायचे, म्हणजे वर्षाला दीड टक्का. ३१ वर्षांचे घर म्हटले की साडेशेहेचाळीस टक्के गेले. १४ वर्षांचे म्हटले की २१ टक्केच जातात. ६४० चौरस फूट आणि ३१ वर्षे धरून बांधकामाचे ५ लाख १३ हजार होत होते. ८६० चौरस फूट आणि १४ वर्षे धरली की १० लाख १९ हजार होतात. भावाची गोष्ट अजून निघालीही नव्हती, आणि पाच लाखांचा फरक टेप आणि घरपट्टीच्या पावतीने सापडला होता.

आणखी एक गोष्ट अहवालात नव्हती. आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि जमिनीबरोबर भिंती हलतात. ज्याने दोन फूट खोदून घर उभे केले त्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून दोन-तीन उन्हाळ्यांत तिरपी चीर निघते. या घराचा पाया भरताना मी स्वतः पाहिला आहे. पाच फूट काळी माती उपसली, मुरूम भरला, पाणी मारून कुटला, कॉलम उभे केले आणि खालून प्लिंथ बीम फिरवला. १४ वर्षांत भिंतीला चीर नाही. शेजारचे घर याच्यानंतर तीन वर्षांनी बांधलेले आहे आणि त्याची एक भिंत लोखंडी पट्टी मारून धरून ठेवली आहे. दोन्ही घरांना एकच दर लावणे हा ज्याने पायात पैसा घातला त्याच्यावर अन्याय आहे. व्हॅल्युअरने घराभोवती एक चक्कर मारावी, जोते पाहावे, खिडक्यांचे कोपरे पाहावेत, एवढी माझी विनंती आहे. आम्ही हा मुद्दा अर्जात लिहिला, फोटो जोडले. दरात त्याचे काही मिळाले नाही, तरी पुढच्या वेळी मी पुन्हा लिहीन.

आता जागेचा भाव. अहवालात जवळपासच्या तीन विक्री घेतल्या होत्या. चौरस फुटाला २४०, २६० आणि ३४० रुपये, सरासरी २८०. व्हॅल्युअरने हे आकडे मनाचे लिहिले नव्हते. तिन्ही नोंदणीकृत विक्रीपत्रे होती, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा नोंदणी-गोषवारा, काढून पाहता येतील अशी. कागद म्हणून त्यांत खोट काढता येत नव्हती.

२४० ची विक्री दोन सख्ख्या भावांमधली. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च धाकट्याने केला होता, तो वळता करून थोरल्याने आपला हिस्सा त्याच्या नावाने करून दिला. गावात हे लहान मुलालाही माहीत आहे, दस्तात त्याचा एक शब्द नाही. भावाभावांत, बापलेकांत, सासऱ्या-जावयांत जे देणेघेणे होते त्यावरून परक्या माणसाने बाजारभाव काढू नये.

२६० ची विक्री मी लिहिली होती.

२०२२ चा दस्त. १००० चौरस फूट जागा, २ लाख ६० हजार. ती जागा ४ लाखांना गेली हे मला माहीत होते, कारण वरचे १ लाख ४० हजार माझ्या टेबलाशेजारीच मोजले गेले. घेणारा म्हणाला, “सरकारी दरानं लिहा ना जी, तुमचं काय जाते त्याच्यात?” मी लिहिले. अशी विक्रीपत्रे मी किती लिहिली याची मोजदाद माझ्याजवळ नाही. घेणारा राजी, देणारा राजी, मुद्रांक शुल्क सरकारी दराने भरलेले, मग नुकसान कुणाचे, असे मला वाटायचे. ते नुकसान तीन वर्षांनी माझ्या पुतणीच्या अहवालात तिसऱ्या पानावर छापून आले.

यातले कारण लोकांना कळावे म्हणून सांगतो. दस्तात लिहिलेली रक्कम आणि सरकारी, म्हणजे रेडी रेकनरच्या, दराने येणारी किंमत यांत जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते. सरकारी दराच्या खाली लिहून काही वाचत नाही आणि वर लिहिले की शुल्क वाढते. म्हणून लोक आकडा नेमका त्या रेषेवर ठेवतात. पुढच्या वर्षीचे दर ठरवताना पुन्हा नोंदलेले दस्तच पाहिले जातात. आपण लपवलेला भाव असा सरकारी दर होऊन गावात परत येतो, आणि पुढचा माणूस त्याच रेषेवर आपला दस्त लिहितो. माझ्या २०२२ च्या दस्तातल्या घेणाऱ्याचे शुल्काचे वाचले असतील जेमतेम सात-आठ हजार. शिवाय १ जून २०१५ पासून जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोख स्वीकारणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. उद्या तो स्वतः ती जागा खऱ्या भावाने विकायला निघाला तर कागदावर त्याची खरेदी २ लाख ६० हजारांचीच राहील, आणि न झालेल्या नफ्यावर त्याला कर भरावा लागेल. हे सगळे मला तेव्हाही समजत होते. मी गिऱ्हाइकाला सांगत नव्हतो.

आणखी एका प्रकारच्या दस्तांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. आमच्याकडची कितीतरी विक्रीपत्रे मुळात विक्री नसतात. पेरणीला, दवाखान्याला, पोरीच्या लग्नाला पैसे लागले की सावकार तारण म्हणून थेट विक्रीपत्रच लिहून घेतो. पैसे फिटले की पलटवून देईन, हे फक्त तोंडी. अशा दस्तातला आकडा जागेचा भाव नसतो, उसन्या पैशाचा असतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे अवैध सावकारीत गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, तो ज्याने त्याने जरूर करावा. पण इंडेक्स टू पाहणाऱ्या व्हॅल्युअरला ती साधी विक्रीच दिसते. त्यात भर म्हणून ‘मला घरखर्चाकरिता पैशाची निकड असल्यामुळे’ हे वाक्य आम्ही दस्तलेखक झाडून सगळ्या विक्रीपत्रांत घालत आलो, निकड असो की नसो. परिणाम असा की जून महिन्यात बियाण्यासाठी पडेल त्या किमतीला दिलेली जागा आणि दिवाळीनंतर हातात कापसाचा पैसा आल्यावर सावकाश झालेला सौदा, हे दोन्ही कागदावर सारखेच दिसतात. बाहेरून आलेल्या माणसाला त्यांतला फरक कळणार कसा? त्या पहिल्या व्हॅल्युअरने खोली उघडायला लावायला हवी होती, हे मी म्हणेन. पण विक्रीच्या बाबतीत मी त्याला दोष देत नाही. फरक गावाला माहीत असतो आणि गाव तो कधी लेखी देत नाही.

आम्ही लेखी द्यायचे ठरवले. तीन दिवस मुलाला बाजूला बसवून मी संकेतस्थळावर मागच्या तीन वर्षांचे आमच्या गावाचे दस्त काढले. शोध फुकट असतो, पण धीर लागतो. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे कोण, जागा कोणत्या रस्त्याला, केवढी, कधी विकली, हे एकेका दस्ताचे पाहिले. आणि घेणाऱ्याने कर्ज काढले होते का, हे मुद्दाम पाहिले. या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त मदत केली. बँकेचे कर्ज काढून घेतलेल्या जागेचा आकडा बहुतेक खरा असतो, कारण तिथे कमी लिहिले तर कर्जही कमी मिळते. विक्रीपत्राच्या मागोमाग त्याच मिळकतीचे गहाणखत नोंदलेले दिसले की तो दस्त मी बाजूला काढून ठेवायचो.

सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये पुण्याच्या एका भूसंपादन प्रकरणात तुलनेच्या विक्री कशा पाहाव्यात ते सांगितले आहे. एका वकीलसाहेबांनी तो निकाल मला फार वर्षांपूर्वी समजावून दिला होता. विक्री खरी हवी, काळाने जवळची हवी, ठिकाणाने जवळची हवी. मग जागा रस्त्याला लागून असेल, आकाराने लहान असेल, चौकोनी असेल तर तिला वरचा भाव. आत असेल, खोलगट असेल, तोंड अरुंद आणि लांबी फार असेल तर खालचा. लहान जागेचा चौरस फुटाचा भाव उचलून मोठ्या जागेला तसाच लावायचा नाही. निकाल भूसंपादनाचा आहे, बँकेच्या कर्जाशी त्याचा थेट संबंध नाही, पण यापेक्षा सरळ पद्धत मला सापडली नाही. त्याच पद्धतीने आम्ही एका पानाचा तक्ता केला. दस्त क्रमांक, तारीख, क्षेत्र, रक्कम, चौरस फुटाचा भाव, आणि शेवटच्या रकान्यात आमच्या घराशी काय सारखे, काय वेगळे.

तक्त्यात चार विक्री घेतल्या. ३४० ची, जी अहवालातच होती आणि त्याच रस्त्यावरची होती, मग ३५० आणि ३९० च्या, आणि एक ३०० ची. ही शेवटची आपल्या विरोधात जाते, ती घालू नका, असे जावईबुवांचे म्हणणे. मी ती घातली. जागा नाल्याकाठची आहे, पावसाळ्यात ओट्यापर्यंत पाणी येते, असे तिच्यापुढे लिहिले. आपल्या सोयीचेच दस्त निवडून आणले तर वाचणाऱ्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो आणि मग खऱ्या चुकाही तो नीट पाहत नाही.

अहवालातली २४० ची विक्री भावाभावांतली आहे, हे दस्तावरूनच दाखवता आले. दोघांच्या वडिलांचे नाव आणि आडनाव एकच. २६० च्या दस्ताविषयी काय लिहायचे? ‘हा आकडा खोटा आहे, दस्त मीच लिहिला आहे’ असे लिहिले तर हातात पुरावा नाही, आणि ज्याने माझ्यावर विसंबून दस्त केला तो माणूस अडचणीत. दोन रात्री मला झोप लागली नाही. शेवटी एवढेच लिहिले की ती जागा आतल्या बोळात आहे, बोळ सहा फुटांचा आहे, तिथे बंडी जात नाही. तेही खरेच होते. पण खरे कारण मी लिहू शकलो नाही, हे मला आजही टोचते.

अर्जात ‘किंमत १७ लाख धरा’ असे कुठेही लिहिले नाही. मोजमापातली चूक, वर्षातली चूक, दोन विक्री तुलनेला का चालत नाहीत, आणि म्हणून फेरमूल्यांकन व्हावे, एवढेच. व्हॅल्युअरला फोन केला नाही, ओळख काढली नाही. त्याला कुणी भेटले-बोलले असा वास जरी आला तरी आपला सगळा तक्ता मातीमोल होतो. अर्ज बँकेत दिला आणि पोच घेतली.

तीन आठवड्यांनी दुसरा व्हॅल्युअर आला. हा गृहस्थ दीड तास गावात होता. टेप स्वतः धरला, मागच्या खोल्या उघडायला लावल्या, नाल्यापर्यंत चालत गेला. बोळातल्या जागेसमोर उभा राहिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “ही तर वेगळीच जागा आहे.” मी काही बोललो नाही. नव्या अहवालात त्याने ३४०, ३५० आणि ३९० च्या विक्री धरल्या, सरासरी ३६०. जागेचे ५ लाख ४० हजार, बांधकामाचे १० लाख १९ हजार, एकूण १५ लाख ५९ हजार. कर्ज मंजूर झाले १२ लाख ४७ हजार.

१७ लाख आले नाहीत. आणि माझ्या मते ते यायलाही नको होते. मालकांनी १७ चा आकडा काढला होता तो तालुक्याच्या लेआऊटमधल्या घरांवरून, आणि ‘समोरचा अठरा मागते’ या ऐकीव गोष्टीवरून. समोरच्याचे घर दोन वर्षे झाली तरी विकले गेलेले नाही. मागितलेल्या भावाचा दस्त होत नाही, आणि ज्याचा दस्त नाही तो भाव कुठल्याही तक्त्यात बसत नाही. नवा अहवाल घेऊन आम्ही मालकांच्या ओसरीत जाऊन बसलो. मी म्हटले, “दादाजी, हे पाहा, यात तुमचा पायासुद्धा लिहिला आहे, मोजमाप पुरे आहे, तरी बँक एवढंच म्हणते.” त्यांनी सातही पाने वाचली. दुसऱ्या दिवशी १६ लाख २५ हजारांवर आले. पुतणीला पहिल्या हिशेबापेक्षा ३८ हजार जास्त उभे करावे लागले. तिने ते सोसायटीतून काढले.

गोष्ट एका घरकर्जाची असती तर मी आपली जागा अडवली नसती. हेच दस्त भूसंपादनात पुन्हा बाहेर निघतात. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या कलम २६ प्रमाणे बाजारमूल्य काढताना सरकारी दराची किंमत आणि जवळच्या गावांतल्या तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांतल्या विक्रीची सरासरी ताडून पाहतात आणि जास्त असेल ती धरतात. सरासरीही सगळ्या दस्तांची नाही, जास्त किमतीच्या निम्म्या दस्तांची. कायद्याने शेतकऱ्याला झुकते माप दिले आहे. पण ते वरचे निम्मे दस्तसुद्धा सरकारी दराच्या रेषेवरच लिहिलेले असतील तर झुकणार काय? त्या किमतीला ज्याने गुणतात तो गुणक, १०० टक्के दिलासा रक्कम, सगळे त्याच आकड्यावर उभे राहते. आमच्या जिल्ह्याने अरुणावती धरण प्रकल्प पाहिला, बेंबळा पाहिला, आता वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वे होत आहे. जमीन जाणार हे कळल्यावर भाव कमी म्हणून डोक्याला हात लावणाऱ्यांत मी अशी माणसे पाहिली आहेत ज्यांच्या धुऱ्याला लागूनच्या शेताचा दस्त मी सरकारी दराने लिहिला होता. त्यांना ते माहीत नव्हते. मला होते.

ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांनी तारखांकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. कलम ६४ प्रमाणे मोबदल्यावर हरकत घ्यायची तर निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी हजर असणाऱ्याला सहा आठवडे मिळतात. हजर नसेल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांत जे आधी संपेल ते. पैसे उचलताना ‘हरकत राखून’ असे लिहूनच उचलावेत. तसे न लिहिता उचलले तर हरकतीचा अर्ज करण्याचा हक्क जातो, आणि याच एका ओळीपायी मी चांगली प्रकरणे बुडालेली पाहिली आहेत. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर वाद लवादाकडे जातो. घर, गोठा, विहीर, झाडे यांची मोजणी होईल त्या दिवशी घरातले शहाणे माणूस हजर ठेवा आणि मागची खोली उघडी ठेवा.

बँकांना माझे सांगणे आहे की ज्याच्या पैशाने मूल्यांकन होते त्याला अहवालाची प्रत न मागता द्या, आणि हरकत कुणाकडे, किती दिवसांत करायची ते त्यावर मराठीत छापा. अर्ज देऊनही ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सेवेबद्दल तक्रार करता येते, पण घराला भाव किती लावावा हे लोकपाल ठरवून देत नाहीत. म्हणून भांडण आधी बँकेतच, कागदावर लढायचे. ग्रामपंचायतींनी पाडून बांधलेल्या घरांची वर्षे नमुना ८ मध्ये दुरुस्त करावीत. एका मासिक सभेचे काम आहे. आणि माझ्या जागेवर आज जी मुले संगणक घेऊन बसली आहेत त्यांना हात जोडून विनंती आहे. गिऱ्हाईक म्हणेल, तुमचं काय जाते. तेव्हा त्याला हा हिशेब दाखवा, आणि त्याच्या शेजारच्या घरी पुढच्या वर्षी कुणाला कर्ज काढायचे आहे ते विचारा.

पुतणीची रजिस्ट्री पावसाळ्याच्या तोंडावर झाली. विक्रीपत्राचा मजकूर मीच सांगितला, मुलाने टाइप केला. त्यातून ‘पैशाची निकड’ हे वाक्य मी काढायला लावले, कारण मालकांना निकड नव्हती. ते मुलाकडे राहायला चालले होते, तसेच लिहिले. रक्कम १६ लाख २५ हजार, सगळी बँकेतून. जागेचे क्षेत्र, बांधकामाचे क्षेत्र आणि २०११ हे वर्ष दस्तात घातले आहे. आमच्या गावात किंवा आजूबाजूला कुणाच्या घराचे मूल्यांकन अडले असेल तर या दस्ताचा क्रमांक आणि तारीख माझ्याकडून घेऊन जावी. संध्याकाळी मी घरीच असतो.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
जि. यवतमाळ